काचेआडचे निळे कप

मित्रांनो, जुन्या सामानाच्या दुकानात कधी शिरलात, तर डाव्या हाताला, बंद पडलेल्या पंख्यांच्या ढिगामागे, एक उंच काचेची शोकेस दिसेल. तिच्या अंगावर धूळ आहे. एका दाराची बिजागरी सैल झाली आहे आणि वरच्या फळीवर कोणीतरी जुने टेलिफोन रचून ठेवले आहेत. ती शोकेस म्हणजे मी. दुकानदार मला ‘आजीबाई’ म्हणतो. “आजीबाईंना जरा भिंतीला सरकव रे,” असे तो हमालाला सांगतो. मला त्याचा राग येत नाही. जुने झाले की लोक नाव देतातच, आणि नावेही ठेवतात.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. उभ्या जन्मात मला कधी बोलता आले नाही. जिथे बोलायलाच हवे होते, तिथेही मी गप्प उभी राहिले. पण तुम्ही मुले आहात. न बोललेलेही तुम्हाला ऐकू येते, म्हणून सांगते.

लाकडाच्या वखारीमागे एका सुताराची पत्र्याची शेड होती. तिथे माझा जन्म झाला. सुतार बुटका होता. कानावर पेन्सिल आणि तोंडात खिळे, तरी त्याची बडबड थांबत नसे. रंधा मारताना तो माझ्याशीच बोले. “पाठ ताठ ठेव, पोरी. मोठ्या घरात जायचंय तुला.” त्याने माझे सांधे असे बेमालूम बसवले की जोड कुठे आहे हे बोट फिरवूनही कळू नये. मग पॉलिश झाले आणि काचा बसल्या. पहिल्यांदा माझ्या काचेत उजेड पडला, तेव्हा मला वाटले, जगात आपल्यासारखे देखणे कोणी नाही.

मला बनवून घेणारी बाई रोज येऊन माझ्याकडे पाहून जाई. एके दिवशी ती म्हणाली, “दोन्ही दारांना मिळून एक कुलूप बसवा.”

सुताराने तोंडातले खिळे हातात काढले. “काचेच्या कपाटाला कुलूप? अहो बाई, बघायला बोलवायचं आणि हात लावू द्यायचा नाही, म्हणजे बिचाऱ्यांची थट्टाच की!”

“थट्टा नाही. मला कुलूप पाहिजे.”

“बसवतो. आपल्याला काय!” असे म्हणून त्याने कुलूप बसवले. चांगले पितळी, भक्कम. काम चोख करायची त्याला सवयच होती.

ती बाई म्हणजे भिंगरीची आई. मी तिला आईच म्हणेन, कारण त्या घरात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द तोच. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत ती चार माणसे राहत होती. बाबा छापखान्यात यंत्र चालवत. त्यांच्या नखांतली शाई कितीही घासली तरी जात नसे. आजोबांना सगळे अण्णा म्हणत. ते पूर्वी एका दवाखान्यात कंपाउंडर होते. आणि चौथी भिंगरी. तिचे खरे नाव शाळेच्या हजेरीत असेल. घरात ती एका जागी उभी राहत नसे, म्हणून भिंगरी.

मला जिन्यावरून वर नेताना मी वळणावर अडकले. हमाल म्हणाले, पाय कापावे लागतील. अण्णा वरून ओरडले, “अरे, पाय काय कापता? तिला आडवी करा, डोकं आधी घाला. बाळंही तशीच येतात जगात!” सगळे हसले, आणि मी डोक्याकडून त्या घरात शिरले.

माझ्यात ठेवलेली पहिली वस्तू म्हणजे चहाचा सेट. पांढरेशुभ्र कप, काठाला निळी रेघ, तसल्याच बश्या आणि चोच थोडी वर उचललेली किटली. आईने एकेक कप कोरड्या फडक्याने पुसून ठेवला. मग ती चार पावले मागे गेली आणि बघत राहिली. तिच्या पाठोपाठ बाबा आले, अण्णा आले, भिंगरी आली. सगळे एका ओळीत उभे राहून माझ्याकडे बघत होते. आईचा चेहरा असा उजळला होता की मला माझी काचसुद्धा फिकी वाटली.

“आता या कपांतून चहा पिऊ या,” भिंगरी म्हणाली.

“आत्ता नाही. खास पाहुणे आले की.”

आईने कुलूप लावले. किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली.

आईला तुम्ही वाईट समजू नका. मी तिचे बोलणे ऐकले आहे. एका दुपारी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या होत्या. भाजी निवडता निवडता आई त्यांना म्हणाली, “लहानपणी मी मामाकडे वाढले. मामीकडे छान छान कप होते, पण मला मिळायचा तो कान तुटलेला. कोणी काही बोलायचं नाही हो. नुसता तो कप पुढे सरकवायचे. चटका बसायचा बोटांना. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात असे कप आणीन की बघणाऱ्याने बघतच राहावं.”

काकूंनी सुस्कारा टाकला. “आणलेस की आता.”

“हो ना!” आई म्हणाली, आणि हातातल्या कपातून चहाचा घोट घेतला. मित्रांनो, तो कप स्वयंपाकघरातला रोजचा होता. त्याच्या काठाचा टवका उडालेला होता.

त्या सेटचा आनंद बराच काळ टिकला. येता-जाता आई माझ्यासमोर थांबे आणि काचेतून कपांकडे बघून हसे. मग हळूहळू ती थांबेनाशी झाली. कप तेच होते, मीही तीच होते, पण तिला आम्ही दिसेनासे झालो. तेव्हा तिने सरबताचे नक्षीदार पेले आणले. पुन्हा चेहरा उजळला, पुन्हा सगळे ओळीत उभे राहिले. यावेळी आनंद लवकर ओसरला. मग जेवणाच्या ताटल्या आल्या, काचेची कोंबडी आली, सोनेरी काठाच्या वाट्या आल्या. प्रत्येक वेळी खोके फाडताना तिचे हात तसेच घाईत असत, पण चेहऱ्यावरचा उजेड आधीपेक्षा लवकर विझे. पुढे पुढे तर वस्तू फळीवर ठेवून होईपर्यंत ती पुढच्या वस्तूबद्दल बोलू लागलेली असे.

बाबांनी छापखान्यात जादा पाळी धरली. आधी ते संध्याकाळी भिंगरीबरोबर पत्ते खेळत. ते मुद्दाम हरत आणि हरल्यावर खोटे खोटे रडत. आता ते घरी येत ते जेवून थेट आडवे होत. भिंगरी पत्ते पिसून, वाटून त्यांच्या उशाशी बसे. “बाबा, तुमची पाळी.” बाबा झोपेतच “हं” म्हणत. मग ती त्यांचेही पत्ते स्वतःच खेळे आणि स्वतःच जिंके.

एकदा वरच्या मजल्यावर कोणीतरी नवी शोकेस घेतली. आई बघायला गेली आणि परत आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. “त्यांच्या शोकेसला आतून दिवे आहेत,” ती बाबांना म्हणाली. “आपली किती कोंदट दिसते, नाही?”

मला वाईट वाटले. माझ्यात काहीच बदलले नव्हते. काल मी देखणी होते आणि आज कोंदट झाले, ते केवळ जिना चढून उतरेपर्यंत! पुढच्याच रविवारी माझ्या पाठीला भोक पाडून दिवा बसवला. दिव्याखाली सगळ्या वस्तू लखलखल्या. आई खूश झाली. किती काळ, ते तुम्ही ओळखलेच असेल.

आणि खास पाहुणे? तेही येत असत. बाबांचे साहेब आले, भिंगरीच्या शाळेतल्या बाई आल्या, आईची मावसबहीण लांबचा प्रवास करून आली. दर वेळी आई पर्समधून किल्ली काढी, माझ्यापर्यंत येई, निळ्या कपांकडे बघे आणि थबके. मग म्हणे, “जाऊ दे, ही तर आपलीच माणसं. यांना कसले सोपस्कार!” आणि रोजचे कप बाहेर येत. अण्णा हसून म्हणत, “सूनबाई, आपली माणसं म्हणून कप काढत नाहीस, परक्यांना तू घरात घेत नाहीस. मग हे कप आहेत तरी कोणासाठी ग?” आईसुद्धा हसे. पण कप बाहेर येत नसत.

आता बाहुलीचे सांगते.

भिंगरीच्या आत्याने तिच्यासाठी एक बाहुली आणली होती. लाल झगा, काळे कुरळे केस, आडवी केली की डोळे मिटणारी. भिंगरीने तिला छातीशी धरून खोलीभर गिरक्या घेतल्या. आत्याची पाठ वळताच आई म्हणाली, “इतकी महागाची बाहुली, मळेल ती. शोकेसमध्ये ठेवू. तुझीच आहे, कुठे जात नाही.”

बाहुली माझ्या मधल्या फळीवर आली. भिंगरी काचेपाशी उभी राहिली. तिच्या नाकाचा ठसा माझ्या काचेवर उमटला आणि श्वासाने काच धुरकटली. आईने फडके आणून ते पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठसा, पुन्हा फडके.

काय करावे, मला कळत नव्हते. बाहुली माझ्या पोटात आणि मुलगी माझ्या दारात. दोघींमध्ये बोटभर अंतर. मी एखादी दाराची फट ठेवू शकले असते तर! पण दार उघडणे माझ्या हाती नव्हते. दाराला असते ते कुलूप. मन असले तरी त्याला कोण विचारतो?

अण्णांनी वाट काढली. ते आपली खुर्ची माझ्यासमोर ओढत आणि भिंगरीला मांडीवर घेत. “बघ बघ, आज बाईसाहेब रुसल्यात. काय झालं असेल?”

“तिला कोंबडीची भीती वाटते. कोंबडी तिच्याकडेच बघते.”

“अस्सं! मग कोंबडीला रागावायला पाहिजे.”

अण्णा काचेतल्या कोंबडीला डोळे वटारून रागावत आणि भिंगरी खिदळत असे. असा त्यांचा खेळ काचेपलीकडून चाले. त्या दिवसांत मला वाटे, आपण अगदीच निरुपयोगी नाही.

पण मुले वाढतात. भिंगरीची उंची माझ्या मधल्या फळीच्या वर गेली. ती काचेपाशी थांबेनाशी झाली. एके दिवशी आई माझी आतली धूळ पुसायला बसली असताना तिने बाहुली बाहेर काढली आणि प्रेमाने म्हणाली, “घे ग. आता मोठी झालीस, जपून खेळशील.”

भिंगरीने बाहुलीकडे पाहिले. मग आईकडे. ती चिडली नाही. नुसती म्हणाली, “आता बाहुलीशी काय खेळू, आई?”

आईने बाहुलीचा झगा नीट केला. मग म्हणाली, “बरं झालं. बघ, नवी कोरी राहिली!” आणि बाहुली होती तिथे ठेवून दिली. आडवी करताना बाहुलीचे डोळे मिटले होते. उभी केल्यावर ते पुन्हा उघडले.

त्यानंतर अण्णा आजारी पडले.

आतल्या खोलीत वारा येत नसे, म्हणून त्यांची खाट बाहेरच्या खोलीत आणली. ती अगदी माझ्यासमोर आली. दिवसभर ते माझ्याकडे बघत पडून असत. त्यांचे हात थरथरू लागले होते. एकेकाळी याच हातांनी त्यांनी औषधे थेंब थेंब मोजली होती. सुई टोचली तरी पोराला कळत नसे, असे दवाखान्यात येणारे लोक सांगत. आता त्या हातांत चमचाही ठरत नव्हता. आई त्यांचे सगळे मनापासून करी. वेळेवर औषध, मऊ भात, पाठ चोळून देणे, कशात म्हणून तिने कसूर केली नाही. चहा मात्र ती स्टीलच्या पेल्यातून देई. पेल्याला पोचे पडले होते, पण तो पडला तरी फुटत नव्हता.

एका दुपारी अण्णा म्हणाले, “सूनबाई, एक मागू?”

“मागा ना, अण्णा.”

“त्या निळ्या काठाच्या कपातून एकदा चहा दे ग. इतकी वर्षं नुसता बघतोय. ओठाला तो काठ कसा लागतो, ते बघावंसं वाटतं.”

आईने कपांकडे पाहिले, मग अण्णांच्या हातांकडे. “अण्णा, हात थरथरतात तुमचे. एक फुटला तर सेट मोडेल. तुम्ही बरे व्हा, मग पहिला चहा त्यातच देते. नक्की.”

अण्णा हसले. “हातांचं काय करू? आयुष्यभर माझं ऐकलं त्यांनी, आता मी त्यांचं ऐकतो.” त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

भिंगरी दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेली. पर्स तिच्याबरोबर गेली आणि किल्लीही. भिंगरी माझ्यासमोर आली. तिने माझ्या दाराची मूठ धरली आणि ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मग भिंतीला पाय लावून ओढली. माझ्या फळ्या हलल्या आणि आतले कप एकमेकांवर किणकिणले. मित्रांनो, तेव्हा मी काय काय केले असते! एक स्क्रू सैल सोडला असता. बिजागरी मोडून घेतली असती. काच तडकली असती तरी चालले असते. पण लाकडाला आणि पितळेला स्वतःहून काही करता येत नाही. मला चांगले बनवले होते. मी उघडले नाही.

भिंगरी रडू लागली.

“राहू दे ग, बाळ,” अण्णा खाटेवरून म्हणाले. “आण तो पेला. कप मी इथून बघतो आणि चहा पेल्यातून पितो. दोन्ही झालं की नाही?”

भिंगरीने डोळे पुसले आणि चहा केला. पेला तिने स्वतःच्या हातात धरून त्यांच्या ओठांना लावला. अण्णा चहा प्यायले ते माझ्याकडे बघत. मला माझी नजर दुसरीकडे वळवता आली नाही. काचेला तेही जमत नाही.

आठवडाभराने अण्णा गेले. दुपारची वेळ होती, ऊन खाटेच्या पायापर्यंत आले होते. भिंगरी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. ती वाचतच राहिली, आणि मग थांबली.

अण्णांना किती लोक ओळखत, ते त्या घराला दुसऱ्या दिवशी कळले. दवाखान्यातले डॉक्टर आले. ज्यांना लहानपणी अण्णांनी औषध पाजले होते ते बाप्ये आले, त्यांच्या बायका आल्या, म्हाताऱ्या आया आल्या. जिन्यात चपलांना जागा उरली नाही. स्वयंपाकघरात चहाची मोठी पातेली उकळत होती आणि कप कमी पडत होते.

आत्या बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. “वहिनी, त्या शोकेसमधले कप काढ ना. माणसं ताटकळलीत.”

आईने पर्स शोधली. किल्ली कुलपात फिरेना. कितीतरी दिवसांत दार उघडले नव्हते. बाबांनी तेल सोडले, तेव्हा खट्‌ आवाज झाला. माझी दारे उघडली. निळ्या काठाचे कप एकेक करून बाहेर निघाले, धुतले गेले आणि ट्रेमध्ये बसून त्या गर्दीत गेले.

आई ट्रे घेऊन फिरत होती. एका अनोळखी गृहस्थाने घोट घेतला, कप फिरवून पाहिला आणि तो हळूच शेजाऱ्याला म्हणाला, “कप छान आहेत हं.”

आई तिथेच थांबली. तिच्या हातातल्या ट्रेवरचे कप किणकिणायला लागले. आता तिचे हात थरथरत होते.

लोक गेले. आईने एकेक कप धुतला, पुसला आणि माझ्यात परत ठेवला. एकाचा कान उडाला होता. कोणाच्या हातून, ते कोणी विचारले नाही. तोही तिने फळीवर ठेवला, कान उडालेली बाजू मागे करून. मग ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि “अण्णा” एवढेच म्हणाली.

“आई,” भिंगरी म्हणाली, “आता कुलूप नको लावूस.”

आईने मान हलवली. तिला पटले होते, मी शपथेवर सांगते. ती उठली, दारे लोटली आणि दुसरेच काही मनात असताना तिचा हात आपोआप किल्लीकडे गेला. खट्‌. तो आवाज माझ्यातून आला. तिला तो ऐकूही गेला नाही. भिंगरीला गेला. ती आत निघून गेली.

वर्षे जातात तशी गेली. आईने काही दिवस काही घेतले नाही, आणि मग पुन्हा घेऊ लागली. भिंगरी शिकून परिचारिका झाली. दुसऱ्या गावातल्या रुग्णालयात तिला काम मिळाले. ती निघाली त्या दिवशी आईने माझी दोन्ही दारे सताड उघडली.

“घेऊन जा यातलं हवं ते. सगळंच ने. तुझ्यासाठीच तर जपलं मी.”

“एका खोलीत राहणार आहे मी, आई. कुठे ठेवू?”

“निदान हा सेट तरी ने.”

भिंगरी कपांकडे बघत राहिली. तिचा आवाज अगदी मऊ झाला. “आई, मला अण्णांचा तो स्टीलचा पेला देशील?”

“तो? अग, पोचे पडलेत त्याला!”

“तोच दे.”

आईने पेला आणून दिला. भिंगरीने तो आपल्या कपड्यांच्या घडीत गुंडाळला, आईच्या गळ्यात पडली आणि गेली. माझी दारे उघडीच होती. खोलीत मी होते, माझ्यात सगळे सामान होते, आणि आई खुर्चीवर बसली होती. इतके भरलेले आणि इतके रिकामे घर मी त्याआधी पाहिले नव्हते.

पुढे बाबांची नोकरी संपली. ती इमारत पाडायची ठरली आणि दोघे भिंगरीच्या गावी, एका लहानशा जागेत राहायला निघाले. आईने माझ्यातल्या वस्तू लोकांना देऊ केल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, “ठेवू कुठे? माझंच कपाट ओसंडतंय.” वरच्या मजल्यावरची बाई स्वतःच्याच वस्तू घेणारा कोणी शोधत होती. शेवटी जुने सामान घेणारा माणूस आला आणि ताटल्या पोत्यात भरू लागला.

“सांभाळून हो, फुटतील!” आई ओरडली.

“ताई, असले सेट घरोघरी निघतात,” तो म्हणाला. “वापरलेला एकही नसतो.”

बाहुलीही गेली. आडवी ठेवल्यावर तिने डोळे मिटले. मी रिकामी झाले. निघण्याआधी आई माझ्यापाशी आली. माझ्या काचेत तिला तिचा चेहरा दिसत होता. आता मध्ये काहीच नव्हते. माझ्या लाकडावर हात ठेवून तिने विचारले, “काय साठवत होते ग मी एवढं?”

त्या घरात मला कोणीतरी विचारलेला तो एकमेव प्रश्न. मला उत्तर माहीत होते. पण मी लाकूड. ती थोडा वेळ थांबली, जणू मी काही बोलेनच. मग खालून बाबांनी हाक मारली आणि ती जिना उतरून गेली.

तेव्हापासून मी या दुकानात आहे.

काल एक जोडपे आले. नवे घर घेतलेले असावे. त्यांच्याबरोबर एक छोटी मुलगी होती, नुकती चालू लागलेली. त्या बाईने माझ्या काचेवरची धूळ बोटाने पुसली आणि नवऱ्याला म्हणाली, “पॉलिश केली तर काय दिसेल! आपला सगळा नवा सेट यात बसेल.” ती दोघे दुकानदाराशी बोलू लागली. तेवढ्यात त्या छोटीने माझे एक दार ओढले. ते नुसतेच लोटलेले होते. ती वाकली आणि सरळ माझ्या आत येऊन बसली! गुडघे पोटाशी घेऊन, काचेतून बाहेर बघत ती हसली. तिच्या हसण्याने माझ्या फळ्या थरारल्या. आयुष्यभर मी किती वस्तू सांभाळल्या, पण ऊब म्हणून काय असते ते मला काल कळले.

“अग, बाहेर ये! किती धूळ आहे तिथे!” तिच्या आईने तिला ओढून काढले. मग मागे वळून दुकानदाराला विचारले, “हिला कुलूप आहे ना? मुलं हात लावतात हो.”

“नवं बसवून देतो,” दुकानदार म्हणाला.

उद्या ते मला न्यायला येणार आहेत. मला नको म्हणता येत नाही. त्या छोटीला काही सांगता येत नाही आणि तिच्या आईला हात जोडता येत नाहीत. जिथे नेतील तिथे मी जाईन, जे ठेवतील ते सांभाळीन आणि कुलूप लावले की बंद होईन.

पण मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. तुम्ही हट्ट करू शकता, रुसू शकता, गळ्यात पडू शकता. घरी जा आणि कपाटातले सगळ्यात चांगले भांडे मागून घ्या. त्यात तुमच्या आजोबांना, आजीला, आईला आज काहीतरी प्यायला द्या. फुटले तर फुटू दे. वस्तूंना जपणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. माणसांना जपायचे काम तेवढे तुम्ही करा. आणि त्या छोटीच्या घराजवळ तुमच्यापैकी कोणी राहत असेल, तर तिला कधीतरी खेळायला बोलवा.